निघणाऱ्याचा तुकडा

२ नोव्हें.
डॉक्टर म्हणाली, आता उपचार थांबवू या. नंदाने कॉटवरून नुसती मान हलवली. मी सायकल हॉस्पिटललाच विसरून बसने घरी आलो. सत्तावीस वर्षांचा संसार आणि

४ नोव्हें.
नं.ला काही जात नाही. खीर नको, सूप नको. आज म्हणाली, "ते किल्ल्याचं कर ना."
माझ्या प्रोजेक्टपायी जपानमधल्या एका किल्ल्याच्या गावात राहिलो होतो. मी कंपनीत, ही कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्या आजींकडे शिकायला. तांदळाचं पीठ नि साखर, तटाच्या दगडासारखी चौकोनी वडी. पूर्वी किल्ल्यावरून कुणी लढाईला निघालं की घरचे ती मोडायचे. मोठा तुकडा निघणाऱ्याला, तो त्याने उंबऱ्यातच खायचा. लहान, मागे राहणाऱ्याला. आजींनी निरोपाला दिलेला लाकडी साचा आहे अजून कपाटात.

५ नोव्हें.
टोकोतून, इथल्या आशियाई वाणसामानाच्या दुकानातून, पीठ आणलं. वडी साच्याला चिकटली. पुन्हा केली, पुन्हा तेच. ऑफिसात मायक्रॉन मोजतो आणि घरी एक वडी सुटत नाही. डोंबल माझं इंजिनियरिंग.

७ नोव्हें.
इरा आली. "बाबा, जस्ट बाय समथिंग." मी लेकीवर ओरडलो. ती रडत डचमध्ये काहीतरी बोलली. समजलं सगळं. न समजल्यासारखं केलं.

८ नोव्हें.
नं.ला चिकटलेल्या वडीचा फोटो दाखवला. हसली, मग खोकत राहिली. "साच्याला तूप लावलंस ना?"
लावलं होतं. बर्फीच्या ताटाला लावतो तसं, हात आपोआप गेला.
"अरे, तो कोरडा ठेवायचा. नुसतं पीठ भुरभुरवायचं."
घासून घासून धुतला. तूप लाकडात मुरलंय.

९ नोव्हें.
नं.ला हॉस्पिसमध्ये हलवलं. साचा हीटरजवळ. बायको मरतेय आणि मी साचा वाळवतोय. दुसरं करण्यासारखं काही उरलेलं नाही.

१२ नोव्हें.
सुटली! एकच, कोपरा तुटका. घेऊन गेलो. नं.ने बराच वेळ हातात धरली. मोडायला जोर नव्हता, इराने हात दिला. मोठा तुकडा माझ्या तळहातावर.
"अगं, उलटं झालं. मोठा निघणाऱ्याचा."
"माहितेय. माझं चालणं संपलं रे. पुढे तुलाच जायचंय."
लहान तुकडा जिभेवर ठेवून डोळे मिटले तिने. मला तिथे रडायचं नव्हतं. रडलो.

१३ नोव्हें.
तिच्याकडे जायला निघालो. बूट घालून उंबऱ्यात उभा, तुकडा हातात. नाही खाल्ला. परत खिशात टाकला आणि सायकल काढली. खिशात त्याचा चुरा व्हायला लागलाय.