कोंढ्याची लेक

ता. १६ जानेवारी १९७९

भंडाऱ्याहून आत्ताच आलो. पोलीस कचेरीत आज पुन्हा मला "परदेशी बाईचा नवरा" म्हणून पुकारलं — आणि मी उठलोही! लग्नाआधी मी टेकचंद होतो. पवनीच्या विणकर सोसायटीचा सेक्रेटरी. लोक नावानं ओळखायचे.

हेल्गाची इथं राहण्याची परवानगी एप्रिलअखेर संपते. दरवर्षी संपते, दरवर्षी वाढते, त्यात नवल नाही. यंदा दिल्लीत कुणाच्या तरी लक्षात आलं की ही डेन्मार्कची बाई शाळेत इंग्रजी शिकवते आणि पगार घेते. नोकरीची परवानगी कुठे आहे? कुठेच नाही. ती मागावी लागते हेच मला ठाऊक नव्हतं. माझ्याशी लग्न झालं म्हणजे बाईला सगळंच मिळालं, अशी माझी समजूत. आता पोलिसांचा माणूस घरी येऊन चौकशी करणार. अहवाल चांगला गेला तर दोन्ही परवानग्या मिळतील. नाही तर मे महिन्यात तिला देश सोडावा लागेल.

हे वाक्य दोनदा खोडून पुन्हा लिहिलं. पेन खराब असेल.

ता. १७ जानेवारी

हेडमास्तर गोपाळराव म्हणाले, परवानगी येईपर्यंत बाईंनी मस्टरवर सही करू नये, शिकवायला हरकत नाही. म्हणजे फुकट राबायला कुणाची ना नाही.

ता. २० जानेवारी

आई जेवताना — "सून आपली, मंग सरकार कायले विचारते?" मी भात कालवत राहिलो.

ता. २८ जानेवारी

आज फार मोठं काम केलं. आधी आमची सगळी आळी पिंजून काढली, मग सायकल काढून कोंढ्याला गेलो. सगळ्यांना पढवलं. साहेब येतील, हेल्गाबद्दल विचारतील, तोंड भरून चांगलं सांगा. ती आपलीच आहे म्हणा. मी राजकारणात जायला हवं होतं. एवढं बोललो की घसा बसला.

कोंढ्याला जावंच लागतं. ते हेल्गाचं माहेर. कोसा रेशीम कसं विणतात ते बघायला ही आली, माझ्या मोडक्या इंग्रजीला भुलली आणि राहिली. लग्नात मुलीकडचं कुणीच नव्हतं. कन्यादान कोण करणार? सोसायटीत कोसा आणून देणारे तुलारामजी पुढं झाले. त्यांनी आणि कौशल्याबाईंनी तिचा हात माझ्या हातात दिला. तेव्हापासून दिवाळीला तुलारामजी बैलांचं खाचर घेऊन न्यायला येतात, परत पाठवताना लुगडं आणि तांदळाची गोणी देतात. मला मात्र जावई म्हणून आजवर एक टोपीच मिळाली आहे.

ता. ९ फेब्रुवारी

सुताच्या गाठी आणायला नागपूरला गेलो होतो. नेमका आजच साहेब येऊन गेला! आईनं चहा-पोहे दिले. मग तो कोंढ्यालाही जाऊन आला म्हणे. आई सांगते, "लय खुश होऊन गेला." सगळी आळी माझ्याकडे बघून हसते आहे. नियोजन म्हणतात ते हे.

ता. २ मार्च

भंडाऱ्याला बोलावणं आलं. कारकुनानं अहवाल वाचून दाखवला — सदर पत्त्यावर कोणतीही परदेशी महिला राहत नाही. घरातील सून हेमलता ही मौजे कोंढा येथील तुलाराम यांची कन्या आहे.

हेमलता हे आईनं लग्नात ठेवलेलं नाव.

कारकुनानं चष्मा काढून विचारलं, "मग ती डेन्मार्कची बाई कुठे लपवलीत?"

मी काय सांगणार? घरी आहे, अंबाडीची भाजी निवडते आहे?

ता. ३ मार्च

एकेकाला धरून विचारलं. आई म्हणाली, "तूच त म्हनलं होतं, आपली आहे मनून सांगा." आणि तिचे घारे डोळे? "मी सांगतलं, तिच्या आजीचेबी तसेच होते."

तुलारामजी शांतपणे म्हणाले, "जावईबापू, कन्यादान म्या केलं. मंग कोनाची पोरगी सांगू?"

एवढ्या माणसांना पढवून ठेवणारा शहाणा मीच.

ता. ११ मार्च

तुलारामजींना घेऊन भंडाऱ्याला गेलो. ही माझी मुलगी नाही, असा जबाब त्यांनी द्यायचा होता. वाटेत मी समजावत होतो, ते खिडकीतून बाहेर बघत होते. कचेरीत विचारलं, "तुमची मुलगी आहे का?" त्यांनी टोपी काढून हातात घेतली. पुन्हा विचारलं. म्हणाले, "जल्म नाही देल्ला सायेब." एवढंच. कारकुनानं बाकीचं आपल्या भाषेत लिहिलं. अंगठा दिल्यावर ते शाई धोतराला पुसत राहिले, निघून गेली तरी पुसत राहिले.

परतीच्या एसटीत मी तीन वेळा माफी मागितली. शेवटी म्हणाले, "कौशल्याले सांगू नोका." मला रडू आलं. सेक्रेटरी माणूस, भर एसटीत.

ता. १९ मार्च

हेल्गा हल्ली बोलत नाही. थकली असेल. धावाधाव माझी आणि थकते ती!

ता. ८ एप्रिल

आली! राहण्याची आली, शिकवण्याचीही आली. एक वर्षाची. पेढे आणले, आळीभर वाटले. सोसायटीत मी कसं सगळं जमवून आणलं ते दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला कुणी उरलं नाही.

ता. ९ एप्रिल

शाळेत पेढे द्यायला गेलो. गोपाळराव पेढा खात म्हणाले, "तो साहेब आधी इथंच आला होता. बाईंनीच सांगितलं त्याला, मी कोंढ्याची, तुलारामची पोरगी म्हणून. डोक्यावर पदर, बोलणं अस्सल आपल्याकडचं. त्याला खरंच वाटलं. मला वाटलं, तुम्हीच शिकवून ठेवलं असेल."

तिला मी काहीच शिकवलं नव्हतं. तिला काही सांगायची गरजच मला वाटली नव्हती.

घरी येऊन विचारलं — काहून सांगितलंस असं? हेल्गा सूप हातात घेऊन बसली होती. म्हणाली, "मले वाटलं, कागद बिघडला त सरकारच मले घरी पाठवन. मंग तुमाले सांगा लागनार नाही, का मले घरी जाचं आहे. तिकडं आई म्हातारी झाली माही."

मग म्हणाली, "बाबानं अंगठा देल्ला, तवा लय वाईट वाटलं."

मी विचारलं, आता? राहायचंय तुला, का जायचंय? लग्नाला सहा वर्षं झाली. हे तिला पहिल्यांदाच विचारलं.

तिनं सुपातले तांदूळ पाखडून संपवले. मग म्हणाली, "सातवीची परीक्षा आहे. ते होऊ द्या."