दुसऱ्या झाडाची पानं

प्रिय सुलेखा,

फोनवर तू ‘जेवलात का’ विचारतेस, मी ‘जेवलो’ म्हणतो आणि तिथंच आपलं बोलणं संपतं. म्हणून कागद घेतला. चष्म्याची दांडी तुटलीय, अक्षराला हसू नकोस.

सीताफळाच्या पानांचा काढा चांदीच्या क्षाराच्या पाण्यात ओतला की डोळ्यांना न दिसणारे चांदीचे कण तयार होतात आणि ते जंतू मारतात, हे तू मला मुकुंदवाडी स्टेशनच्या बाकावर समजावलंस. पोरगी पीएचडी करतेय आणि पाला आपल्या अंगणातला, म्हणून मी लासूरभर मिरवलो. पानं एकाच झाडाची हवीत, नाहीतर सगळं बिघडेल, असंही तू बजावलं होतंस. ते झाड तुझ्या आईनं लावलेलं. दर शनिवारी मी पिशवी घेऊन पॅसेंजरनं यायचो, तू प्रयोगशाळेतून धावत यायचीस, बोटांवर काळे डाग. परतीच्या गाडीपर्यंत अर्धा तास चहा. आई गेल्यापासून माझा आठवडा तेवढाच आहे, सुले. बाकीचे सहा दिवस मी रेडिओशी भांडतो.

गेल्या शनिवारी तू चहाला हात लावला नाहीस. पाणी पूर्वीसारखं तपकिरी होत नाही, जंतू मरत नाहीत, आणि सर म्हणतात आधीचे आकडे तू मनानंच लिहिलेस. “आप्पा, माझ्या हातालाच काय झालंय काय की. सोडून देते हे सगळं,” म्हणालीस. मी चहाचे पैसे दिले. गाडी आली, चढलो. स्वतःची लाज वाटली.

आता ऐक. आईचं झाड पोळ्याच्या आठवड्यातच गेलं. पाइपलाइनचा चर खणताना जेसीबीनं मुळासकट काढलं. तुला सांगणारच होतो. पण पाला नाही तर मी कशाला येऊ आणि तू तरी कशाला येशील, एवढंच डोक्यात आलं. पुंजारामच्या बांधावरच्या सीताफळाची पानं तोडली, पुसली, पिशवीत भरली. दीड महिना तेच केलं. दिवाळीला घरी आलीस की दिसलंच असतं, पण तोवर तू काम सोडलेलं असतंस.

तुझ्या हाताला काही झालेलं नाही. तुझे जुने आकडे खरे आहेत. हे पत्र सरांना दाखव, म्हणून खाली पूर्ण नाव आणि तारीख घातलीय. झाडाचा बुंधा गोठ्यामागं पडलाय, बघायला या म्हणावं. शनिवारी मी नेहमीच्या गाडीनं येतोय, रिकाम्या हातानं. रागावून ये, पण ये.

तुझाच,
आप्पा
(कडुबा धोंडिबा शेजूळ, लासूर स्टेशन, ७ ऑक्टोबर २०२५)