नववं पान

ता. ४ जून

चि. भिंगरीस,

आजीचे पोटभर आशीर्वाद. अक्षर खालच्या मजल्यावरच्या शिवणवालीचं, जीभ माझी. ती माझं बोलणं नीटनेटकं करून लिहिते; टोमणे तेवढे आहेत तसे ठेव, असं बजावलंय.

रविवारी येऊन तू कंपनीचे एकवीस पानी कागद वाचून दाखवलेस. मला कळलं ते एवढं, की घर माझ्या नावावरून नव्या कंपनीच्या नावावर जाणार. शंभरातले तीस हिस्से माझे, दहा तुझे, साठ त्या बांधकामवाल्या मोठ्या कंपनीचे. खोल्या दुरुस्त करून भाड्याने द्यायच्या आणि तू संचालक. तुझ्या आजोबांना जन्मात एक नळ धड बसवता आला नाही, आणि नातू संचालक! ऊर भरून आला.

अंगठा लगेच दिला नाही म्हणून कागद इथेच टाकून फुगून गेलास. माझा नेम तुला ठाऊक आहे. एकाच तोंडाने वाचलेल्या कागदाला माझा अंगठा लागत नाही. दुसरं तोंड शिवणवालीचं. गुरुवारी तिला सवड आहे. दोन्ही वाचनं जुळली की अंगठा तुझाच.

घशाला जप. वाचता वाचता पाणी मागितलंस आणि पेलाभर एका दमात प्यायलास.

रागावलास तरी येत जा.
तुझी आजी

ता. ७ जून

ती. आजीस,

सा. न. वि. वि.

शिवणवाल्या मावशींना कशाला त्रास? कागद वकिली भाषेत आहेत. त्या घाबरतील, मग तुलाही घाबरवतील. आणि मी फुगलो नव्हतो, घाईत होतो.

पुन्हा सांगतो. कायद्याच्या नजरेत कंपनी म्हणजे एक वेगळा माणूसच. उद्या माझं काही बिनसलं, तरी घराला झळ नाही. कारण घर माझं नाही, तुझं नाही, त्या माणसाचं. मोठ्या कंपनीचे साहेब वीस तारखेपर्यंतच थांबणार आहेत. मी कारखान्यातली नोकरी सोडलीय, ते सांगायचं राहिलं. चिडू नकोस. अंगठा तेवढा दे.

लोभ आहे तसाच राहू दे.
तुझा भिंगरी

ता. १२ जून

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. न चिडता सांगते आहे, असं समजून वाच.

वाचन झालं. आठ पानं तंतोतंत जुळली. नवव्यावर शिवणवाली अडखळली आणि हे तुम्ही ऐकलं होतंत का, असं तिने विचारलं. मी ऐकलं नव्हतं. त्यात म्हणे असं आहे, की निम्म्याहून जास्त हिस्से ज्याचे, त्याने मनात आलं की घर विकावं आणि राहणाऱ्यांनी नव्वद दिवसांत चालू पडावं. राहणाऱ्यांत मीही आले. आपण आजी-नातू दोघं विरोधात उभे राहिलो तरी भरतात चाळीसच. दहाव्या पानापासून वाचनं पुन्हा जुळली.

मला अक्षर कळत नाही, पान उलटल्याचा आवाज कळतो. पाणी पिऊन झाल्यावर दोन पानं एकदम उलटल्यासारखा जाड आवाज आला होता. मला वाटलं, बोटं ओली असतील.

शिवणवाली लिहिता लिहिता पुन्हा पुन्हा ते नववं पान उघडून बघतेय. तिचं मशीन याच घरात आहे. अक्षर बिघडलं तर नातू म्हणेल आजी थकली, असं तिला म्हटलं, तरी हसली नाही.

घराचं नंतर बघू. ते पान गाळायला साहेबाने सांगितलं, की तुझं तूच गाळलंस? एवढं कळव.

वाट बघणारी,
आजी

ता. १५ जून

ती. आजीस,

सा. न. वि. वि.

कोणी सांगितलं नाही. माझं मीच गाळलं.

असं कलम सगळीकडेच असतं, वापरत कोणी नाही, असं साहेब म्हणाले होते. मला ते खरं मानायचं होतं. मनातल्या मनात वीसदा वाचलं, तेव्हा काही वाटलं नाही. तुझ्यासमोर मोठ्याने म्हणायची वेळ आली आणि आवाजच फुटेना.

काल त्यांना ते कलम काढायला सांगितलं. त्याशिवाय त्या घरात आम्हाला रस नाही, असं म्हणून त्यांनी फाइल मिटली. आता नोकरीही नाही आणि कंपनीही नाही. कुठल्या तोंडाने येऊ?

अपराधी,
भिंगरी

ता. १८ जून

चि. भिंगरीस,

आशीर्वाद, आणि एक धपाटा उधार.

गाढवा, आहे त्याच तोंडाने ये. चोरी केलीस आणि कबूलही तूच केलीस. साहेबाचं नाव पुढे केलं असतंस, तर हे पत्र लिहवलंच नसतं.

शिवणवालीच्या शेजारची खोली रिकामी आहे. कंपनी म्हणजे माणूसच ना? मग तुझी एक छोटी कंपनी काढ आणि त्या माणसाला म्हणावं, भाडेकरू म्हणून ये. आपल्या गल्लीत चार घरवाल्यांच्या खोल्या पडून आहेत. त्या दुरुस्त करून भाड्याने लावून दे, तुझा मेहनताना घे. घरं ज्याची त्याच्याकडे राहू देत. कागद वाचण्याबद्दल शिवणवालीला दहा हिस्से हवेत म्हणे. हे वाक्य मी सांगितलेलं नाही, तिनेच घुसवलंय. वाचून दाखवलं तेव्हा कळलं, असू दे.

भाडेकरार तू लिहून आण. पहिलं वाचन तुझंच. पेला भरून ठेवते. हवं तेवढं पाणी पी, पण पानं एकेक करून उलट. मी ऐकते आहे.

तुझीच,
आजी