वरच्या उताराचं माप

३ जानेवारी

चि. ठकीस, काकांचे अनेक आशीर्वाद.

जंगलाच्या चौकीत फोनला रेंज नाही, म्हणून पत्र. काकूचा गुडघा बरा आहे, जीभ त्याहून बरी आहे.

काल मुख्य कचेरीतले साहेब येऊन गेले. म्हणाले, कॉम्प्युटरच्या हिशेबाने वरच्या उतारावरच्या झाडांची वाढ खुंटली आहे. मार्चमध्ये सगळी तोडून लाकूड काढायचं. चौकशी केली तर कळलं, हा हिशेब मांडणारी आमचीच कार्टी! अगं, मी रोज त्या झाडांखालून जातो, चांगली जोमात आहेत. लहानपणी तू तिथेच हरवली होतीस आणि रडून सगळी वसाहत गोळा केली होतीस. त्या उतारासाठी साहेबांकडे शब्द टाक गं.

तुझा,
काका


११ जानेवारी

ती. काकांस, शि. सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. पण काकांचं जंगल म्हणून आकडे बदलता येत नाहीत; तुम्हीच माझा कान धरला असता. तुम्ही खोडांचे घेर मोजून पाठवता, त्यावरून कॉम्प्युटर सांगतो की कुठलं झाड पुढे किती भरेल, कुठलं शेजाऱ्याच्या सावलीत झुरेल आणि आत्ता कुठलं काढावं.

तरी सगळं पुन्हा तपासलं. मागची मोजणी तुमच्या आधीच्या बुटक्या नानांची, यंदाची तुमची, नाना निवृत्त झाल्यावरची. मधल्या काळात बरीच झाडं चक्क बारीक झाली आहेत! झाडं काही डाएट करत नाहीत. काका, रागावू नका, पण टेप खोडाला नेमकी कुठे लावता?

तुमची,
ठकी


१९ जानेवारी

चि. ठकीस, आशीर्वाद.

आधी भडकलोच. जंगलात जन्म गेला आणि ही पोर मला टेप लावायला शिकवते! नानांनी सांगितलं होतं छातीच्या उंचीवर, मी छातीवरच लावतो. तेव्हा काकू भाजी निवडता निवडता म्हणाली, “छाती कुणाची? नानांची की तुमची?”

मी असा ताडमाड. नियमातली उंची नानांच्या छातीशी येते, ती माझ्या पोटाशी! वर खोड बारीकच असणार. काकूला घेऊन सगळा उतार पुन्हा मोजला, मापं सोबत आहेत. पोरी, मी झाडासमोर उभा राहून जे पाहिलं नाही, ते तू तिकडे खुर्चीत बसून पकडलंस. कौतुक वाटलं. पण जीव टांगणीला आहे, लवकर कळव.

काका


२ फेब्रुवारी

ती. काकांस, शि. सा. न. वि. वि.

तोडणी रद्द! नवी मापं घातली आणि तुमचा उतार सगळ्या जंगलात सर्वांत जोमदार निघाला. फक्त दाटीतली झाडं विरळ करायची, बाकीची आणखी चाळीस वर्षं उभी राहतील. साहेबांनी विचारलं, इतकी नेटकी मोजणी कुणाची? मी म्हटलं, माझ्या काकांची, दुसऱ्या खेपेची. काकूला माझ्याकडून मिठी. तुमचा लोभ वाढतोच आहे, तो मात्र मोजू नका.

तुमची,
ठकी


१० फेब्रुवारी

चि. ठकीस, आशीर्वाद.

पत्र काकूने मोठ्याने वाचलं. मला वाचवेना, डोळे भरून येत होते.

पत्र आलं त्या दिवसापासून प्रत्येक खोडावर नियमाच्या उंचीला पांढरा पट्टा मारतोय. वाकून वाकून कंबर गेली. दरवर्षी रंग ताजा करीन, माझ्यानंतर येणाऱ्यालाही सांगून ठेवीन. चाळीस वर्षांनी आम्ही दोघं काही नसू. तू मोजायला ये. पट्ट्यावर टेप लाव, आणि या खेपेला हरवू नकोस, शोधायला मी नसेन.

तुझा,
काका