कपाटाला टेकवलेली गिटार

आबा, आज शुक्रवार. कापडाचे लूम बंद आहेत, गल्ली शांत आहे, आणि मी तो बँड लावलाय. सूनबाई दारातून सांगून गेली, "पप्पा, खिडकीच्या काचा हलतायत." म्हटलं, हलू दे. आवाज कमी केला नाही. तुम्ही असतात तर खाटेवरूनच ओरडला असतात, "बंद कर ती धडधड!" तुम्हाला त्या बँडचं नाव कधी घेता आलं नाही, "ते तुझे गोरे" म्हणायचात. तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली, तरी मी तुमच्याशी भांडायचं सोडलेलं नाही, आणि या कागदावरही सोडणार नाही.

त्या गोऱ्यांची कॅसेट मला कुणी दिली ते तुम्हाला ठाऊक होतं. धामणकर नाक्यावरून कॉलेजला जाणाऱ्या शेअर रिक्षात ती माझ्या शेजारी बसायची. म्हणजे, बसावी म्हणून मी आधीच्या दोन-तीन रिक्षा सोडून द्यायचो. तिचा मामा जहाजावर होता. त्याने आणलेल्या कॅसेटवरून तिने माझ्यासाठी एक भरून घेतली. मला आधी त्यातलं काहीच कळेना. शब्द तर नाहीच. ती म्हणाली, "गाणाऱ्याला सोड रे. त्याच्या खाली कोण चालतंय ते ऐक." मी ऐकलं, आणि संपलोच. गाणारा रडतोय, किंचाळतोय, आणि हा खालच्या जाड सुरातला बास गिटारवाला आपला चालतोय. कुणी त्याच्याकडे बघत नाही, पण तो थांबला तर सगळं कोसळेल. तिच्या प्रेमात होतोच, आता त्याच्याही पडलो. दुसऱ्या वर्षाला असताना तिचं लग्न ठरलं, ती कल्याणला गेली. मी परीक्षेला बसलो नाही. काल्हेरच्या गोडाऊनमध्ये लागलो आणि पगार हातात आल्यावर एका ऑर्केस्ट्रावाल्याची जुनी बास गिटार घरी घेऊन आलो. चार जाड तारा, अर्धा रंग उडालेला.

तुमचं म्हणणं मला तेव्हाही कळत होतं, आबा. आपल्या घरातला कॉलेजची पायरी चढलेला पहिला मी. तुम्ही जन्म लूमवर काढलात तो मी तिथे जाऊ नये म्हणून, आणि मी गोडाऊनमध्ये गोण्या मोजत होतो. "पोरगी गेली म्हणून कॉलेज सोडलंस," तुम्ही म्हणालात. "उद्या हे गोरे गेले म्हंजे काय सोडशील?" "घर!" मी म्हणालो. आई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "घर सोडायचं हाय तर आधी जेवून घे."

लूमनी तुमचे कान खाल्ले होते. आईच्या बांगड्या, कुकरची शिट्टी, दाराची कडी, तुमच्यापर्यंत काही पोचायचं नाही. माझी बास मात्र पोचायची. "अख्ख्या घरात तुझंच तेवढं ऐकू येतं," असं तुम्ही ओरडायचात आणि मला ती शिवी वाटायची. शुक्रवारी तुम्ही घरी, आणि शुक्रवारीच दुपारभर लाइट नसायची. लाइट नाही तर बास मुकी. म्हणून मी तिचं डोकं लोखंडी कपाटाला टेकवून वाजवायचो. तार छेडली की कपाटच बोलायला लागायचं, आतली भांडीसुद्धा.

त्या शुक्रवारी तुम्ही उठून उभे राहिलात. "आज ठरव. एक तर हे लाकूड ऱ्हाईल या घरात, न्हायतर मी." आणि काही बोलायच्या आत कपाटाला पाठ लावून खाली फरशीवर बसलात. "आता वाजव. बघू कुठं टेकवतोस." माझं डोकं फिरलं. मी गिटार तुमच्या डोक्याच्या वर, त्याच कपाटाला टेकवली आणि कॅसेटची पहिली बाजू सुरू केली. गाणारा नाही, ढोल नाही, नुसतं खालचं. मला आजही दिसतंय: तुमच्या बनियनला चिकटलेला कापूस, मिटलेले डोळे, मांडीवर घट्ट आवळलेली मूठ. मी वाट बघतोय, आता उठतील, आता हिसकावतील. दुसरं गाणं संपतं, तिसरं संपतं. मूठ सुटलेली असते. "पाठीत वाजतंय की हे," तुम्ही म्हणता, मला नव्हे, असंच. आई जेवायला हाक मारते, तुम्हाला ती ऐकूच येत नाही. बाजू संपते. मी थांबतो. तुम्ही डोळे उघडता.

"थांबलास? कॅसेटला दुसरी बाजू न्हाय का?"

"आहे. नाही वाजवणार."

"का?"

"माझी मर्जी."

आणि मी गिटार खांद्याला लावून ताडताड नाक्यावर निघून गेलो. त्यानंतर तुम्ही कधी "बंद कर" म्हणाला नाहीत. "वाजव" असंही नाही. दीडेक वर्षात तुम्ही गेलात.

मी मोठा वाजवणारा झालो नाही. एका हळदीच्या ऑर्केस्ट्रात घेतलं होतं. मी हळदीच्या गाण्याखाली माझ्या गोऱ्यांची चाल घातली, नवरीच्या काकाने स्टेजवरून खाली उतरवलं. मजा आली, पुन्हा बोलावलं तर पुन्हा घालीन. कॉलेज सोडल्याचं वाईट वाटत नाही. तिच्यापायी सोडलं, त्याचंही नाही. गोडाऊनमध्येच म्हातारा झालो, आणि रोज घरी येऊन वाजवलं. पण इतक्या वर्षांत "पुढचं वाजव" असं मला तुमच्याशिवाय कुणी म्हटलेलं नाही.

कपाट अजून तेच आहे. हा कागद घडी करून गिटारच्या पिशवीत टाकतोय, आणखी कुठे टाकणार? माफी मागत नाही, कशाचीच. फक्त ते "माझी मर्जी" तेवढं खरं नव्हतं, आबा. दुसरी बाजू मला तेव्हा येतच नव्हती.