अँजोलोला काय सांगायचं

व्हेनिस, २० एप्रिल १७५१

प्रिय बेट्टा,

तुझी दोन्ही पत्रं पोचली. पादुआची हवा तुझ्या धाकट्याला मानवली, बरं झालं. इकडे अनाथालयात सगळ्या ठीक. लुचेत्ताचा आवाज बसलाय आणि खापर फुटतंय जेवणातल्या मसुराच्या पातळ सुपावर.

आपले मास्तर बास्तियान जानेवारीत गेले. शेवटपर्यंत खेकसत होते. तू लग्न करून गेलीस त्याच वर्षी त्यांनी मला संगीतरचना शिकवायला घेतलं. कितीतरी वर्षं नुसते खर्जाचे स्वर द्यायचे, त्यांवर मी सुरावट बांधायची, ती त्यांनी खोडायची. पहिलं स्तोत्र दाखवलं तेव्हा म्हणाले, "छान आहे. आता यातलं तुला सगळ्यात आवडलेलं काढून टाक." मी आधी रडले, मग काढलं. स्तोत्र सुधारलं, याचाच जास्त राग आला.

ईस्टरचं स्तोत्र ते अर्धंच टाकून गेले. विश्वस्त मला म्हणाले, "पूर्ण कर, पण गाजावाजा नको." केलं. मुलींनी नेहमीसारखं चर्चच्या सज्जातल्या जाळीआडून गायलं. खाली लोकांनी मास्तरांच्या आठवणीने डोळे पुसले.

त्या दिवशी तू सुचवलेलं स्थळ, तुझा दीर अँजोलो, आला होता. नंतर भेटीच्या खोलीत जाळीपलीकडे बसला. आधी गेलेल्या बायकोच्या आजारपणाचं बोलला, मग पुस्तकबांधणीच्या दुकानाचं. मग एकदम म्हणाला, "उत्तरार्ध वेगळ्या हातचा वाटला. कुणाचा?"

"माझा."

"मग लग्नानंतर घरी लिहा की. मी कशाला अडवू?"

"आणि गाणार कोण?"

त्याने हातातली टोपी एकदा फिरवली. म्हणाला, "हे खरंय. माझ्याकडे गाणारं कुणी नाही." लुचेत्ता मागून कुजबुजली, "अगं, हो म्हण, वेडे! नाक सरळ आहे त्याचं." मला हसू आलं. त्यालाही ऐकू गेलं असावं.

माणूस चांगला आहे, बेट्टा. तू लिहिलं होतंस त्याहून चांगला. माझं स्तोत्र ओळखणारा तो एकटाच निघाला. त्याच्या स्वयंपाकघरात बसलेली मी मला दोन-तीनदा दिसलेही.

पण इथून लग्न करून जाताना तू सही केलीस, पुन्हा लोकांपुढे गाणार-वाजवणार नाही म्हणून. तू आता घरात तरी गातेस का? एकाही पत्रात तसं लिहिलं नाहीस.

विश्वस्तांनी पुढच्या सणाचं काम मला दिलंय. नाव घालणार नाहीत. चाळीस गळे आहेत.

अँजोलोला नाही म्हणून सांग. नीट सांग, जेवण झाल्यावर. कारण त्याला ठाऊक आहे.

इथलीच,
ओर्सोला