दुसऱ्या काळजीवाहकाचा कोरा रकाना

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
बालरुग्णालय.

विषय : खाट क्र. ९ वरील मुलीस घरी सोडण्यासाठी दुसरी काळजीवाहक म्हणून माझे नाव मंजूर करणेबाबत.

संदर्भ : माझा मागील अर्ज, जो अभिप्रायासाठी माझ्याकडेच आला होता.

महोदय,

१. मी येथे सव्वीस वर्षे समाजसेविका असून, बऱ्या झालेल्या मुलांना घरी पाठवण्याची व्यवस्था लावणे हे माझे काम आहे. उपरोक्त मुलगी पाच वर्षांची असून तिच्या गळ्यात श्वासाची नळी आहे. डॉक्टरांनी तिला आठ महिन्यांपूर्वीच घरी जाण्यास योग्य ठरवले. परंतु नियमानुसार नळी साफ करण्यास शिकलेली दोन माणसे घरात हवीत. तिला एकच आहे, आई.

२. दुसऱ्या माणसासाठी मी जंग जंग पछाडले. मामांनी नळी पाहिली आणि ते जिन्यातच बसले. आत्याबाईंनी कानांवर हात ठेवले. शेजारीण शिकली, अगदी छान शिकली, आणि घर बदलून गेली. वडिलांचा फोन लागत नाही. तो मी अजूनही दर सोमवारी लावते.

३. सरावाच्या दिवशी कोणीच न आल्याने त्या जागी मी बसले. दिवसभरात सहा वेळा नळी साफ केली. सकाळीच आईचा खुर्चीत डोळा लागला तो थेट संध्याकाळी उघडला, आणि झोपल्याबद्दल ती माझी क्षमा मागू लागली. मला रडू आवरले नाही. सरावानंतरच्या परीक्षेत मी उत्तीर्ण आहे.

४. कर्मचाऱ्याने रुग्णाशी घरोबा करू नये, हे नव्या समाजसेविकांना मीच शिकवते. परंतु ३१ तारखेला मी निवृत्त होत आहे. माझ्या घरात दोन खोल्या आहेत. कुलूप मीच लावते, मीच उघडते. निवृत्तीनंतर काय करणार, असे सगळे विचारतात तेव्हा मी प्रवास सांगते. कुठे ते ठरलेले नाही, कारण जायचेच नाही. त्या दोघींनी माझ्याकडे राहावे, अशी माझी विनंती आहे.

५. 'रुग्णाशी नाते' या रकान्यात आई म्हणते, मावशी लिहा. खोटे लिहिण्याची सवय नसल्याने मी तो कोरा ठेवला आहे. मुलीला नळीमुळे बोलता येत नाही. ती खाटेची दांडी वाजवते. परिचारिकेसाठी एकदा, आईसाठी दोनदा. गेल्या आठवड्यापासून ती तीनदाही वाजवते. तीनदा वाजले की मी जाते.

तरी रकान्यात काय भरावे ते आपणच सांगावे. या वेळी अभिप्राय माझ्याकडे मागवू नये. तो वरीलप्रमाणेच आहे.

आपली नम्र व उत्तराच्या वाटेकडे डोळे लावलेली,
(सही)
समाजसेविका, ३१ तारखेपर्यंत
दिनांक : १९

सोबत :
१) सरावाचे प्रमाणपत्र
२) माझ्या घराची दुसरी किल्ली मिळाल्याची आईच्या सहीची पोच